आईची कुजबुज

नव्या सोलापुरी चादरीची घडी मोडली, की सुताचा, मागाच्या तेलाचा वास येतो आणि मी सत्तरच्या दशकातल्या पुण्याच्या लघुपट महोत्सवात जाऊन बसतो. माझ्या फिल्ममध्ये आई माग चालवता चालवता बोलत होती. दिवे लागल्यावर परीक्षक म्हणाले, "खडखडाटात एक शब्द कळत नाही. आवाज कमी करून आणा, मग बक्षिसाचं बघू."

शेजारी बसलेली आई माझ्या कानात कुजबुजली, "बहिरा हाय का काय ह्यो? मला तर समदं ऐकू आलं की!"

जन्मभर मागाशेजारी बोललेल्या बाईची कुजबुज ती, शेवटच्या रांगेपर्यंत पोचली. सगळे हसले. माझे कान तापले. आज वाटतं, तिथं धड ऐकू येणारं माणूस ते एकच होतं.

आवाज कमी केलेली प्रत मी अजून नेलेली नाही.