डोक्यावरची थाप

पाण्यातले किस्से पाण्यातच राहिले असते तर बरं झालं असतं. पण ते आपल्यासोबत घरी येतात आणि दरवेळी सांगताना थोडे फुगतात. आमच्या चौघांचे तर आता इतके झालेत, की चहाला बसलं की कुठला आधी सांगायचा यावरूनच जुंपते. आज बाकीचे तिघं न्हाईत, तवा मीच सांगतो!

चौघं म्हणजे कोण? मी बालाजी, अहमदपूरला मोटारपंप रिवाइंडिंगचं दुकान. मुसळे सर, शिरूर अनंतपाळला शाळेत भूगोल शिकवतात. विद्याताई, देवणीला जनावरांची डॉक्टर. आणि शिवलिंग अप्पा, उदगीरचा डाळीचा व्यापारी, पन्नाशी ओलांडलेला, वजनाला भारी आणि मनानं त्याहून भारी.

आणि आमचा नाद म्हणजे कायाकिंग. डोंगरातल्या खळाळत्या नदीतून एकट्या माणसाची निमुळती बोट हाणायची. आमच्याकडं टँकर आला तर लोक बघायला जमतात, आणि आम्हाला हा नाद! कसा लागला ते मलाबी नीट सांगता येत न्हाई.

*

विद्याताई उत्तराखंडला फिरायला गेली आणि येताना जुन्या चार कायाक घेऊन आली. लाल, पिवळ्या, चकचकीत. दवाखान्याच्या आवारात ठेवल्या. त्यातल्या एकीत पावसाचं पाणी साचलं.

दुसऱ्या दिवशी एक शेतकरी आपला देवणी वळू घेऊन आला. वळू सरळ कायाकीपाशी गेला आणि पाणी प्यायला लागला. शेतकरी खूश!

"डॉक्टरीणबाई, गव्हाण लई भारी हाय. पण मधी बसायला सीट कशाला?"

ताईनं सगळं समजावून सांगितलं. नदी, धबधबा, बोट उलटते, माणूस बोटीसकट डोकं खाली होतो, मग पुन्हा वर येतो. शेतकऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे औषध कोणत्या रोगावर?"

*

एकदा चारी कायाक जीपच्या टपावर बांधून आम्ही शिरूर अनंतपाळच्या चौकात चहाला थांबलो. एक आजोबा आले, बोटींकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं.

"सर, पूर येणार हाय का?"

मुसळे सर म्हणाले, "सांगता येत नाही, आम्ही आपले तयारीत."

सरांच्या मनात होता आमचा सराव. पण आजोबा झपाझप निघाले. आमचा चहा संपेस्तोवर समोरचा किराणावाला साखरेची पोती माळ्यावर चढवायला लागला होता. एकजण मोटारसायकल घेऊन सासुरवाडीला सांगायला पळाला. तेवढ्यात सरांचा फोन वाजला, मेव्हण्याचा. "दाजी, धरणाचं पाणी सोडलंय म्हणे, कुठं आहात?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. आभाळ कोरडं, गटारं कोरडी. पण माणसं खरंच पळत होती की! अप्पा म्हणाला, "बालाजी, गाडी काढ." आणि आम्हीबी पळालो!

*

सराव माझ्या शेततळ्यात. कायाकमध्ये कमरेपर्यंत आत बसायचं, आत पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती रबरी झगा आवळायचा. बोट उलटली की आत बसूनच, दोन्ही हातांनी वल्हं मारून, कंबर फिरवून वर यायचं. याला म्हणतात रोल. हा आला न्हाई तर मोठ्या नदीत जाऊ नये, एवढं साधं आहे.

विद्याताईला आठवड्यात आला. मला महिन्यात आला, कसा ते ठाऊक न्हाई. सर उलटे असतानाबी काहीतरी समजावत असायचे, बुडबुडे यायचे, पण शेवटी त्यांनाही आला.

अप्पाला येईना! उलटला की त्याचा एक हात वल्ह्यावर आणि दुसरा सटकन छातीवर. एका हातानं रोल कसा व्हावा? मग झगा सोडून पोहत बाहेर. शेततळ्याचं प्लास्टिक गुळगुळीत, अप्पा दोर धरून वर यायचा आणि पुन्हा खाली घसरायचा. आम्ही तिघं ओढून बेजार.

छातीवर हात कशापायी? तर अप्पा लिंगायत, गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. रोज सकाळी ते तळहातावर घेऊन पूजा, त्याशिवाय पाण्याचा घोट न्हाई. मी एकदा आनंदाच्या भरात त्याच्या छातीवर थाप मारली, तर अप्पा असा तापला म्हणता!

"बालाजी, पाठीवर मार, गालफाडात मार. तिथं देव हाय, तिथं थाप मारायची न्हाई!"

ताई म्हणाली, "अप्पा, पाण्यात उतरताना माझ्याकडं देत जा. जिवापाड जपीन."

"अंगावरून उतरवत न्हाईत ताई. मेल्यावरबी ते संगं जातं."

"आणि पाण्यात हरवलं तर?"

"तर जेवण बंद," अप्पा म्हणाला. आणि हा गडी खरंच जेवला नसता. यावर आम्ही कधी थट्टा केली न्हाई.

बाजारात मात्र थट्टा व्हायची. अप्पा दुकानात आला की शेजारचे व्यापारी हात खाली लोंबकळत सोडून उलटं टांगल्याची नक्कल करायचे. अप्पा हसायचा. पण एकदा मला म्हणाला, "एकदा, फक्त एकदा मोठ्या नदीत सरळ वर यायचंय रे. मग बोट विकून टाकीन."

*

किनवटकडं पैनगंगेत खडकाच्या बारक्या पायऱ्या आहेत. पावसाळा सरल्यावर तिथं गेलो. मी आणि सर काठावर, विद्याताई थोडं खाली दोर घेऊन, अप्पा पाण्यात. मधोमध एक काळाकुट्ट दगड.

सर ओरडले, "अप्पा, दगड! दगड!" आणि हातानं दगड दाखवला. अप्पा वळला आणि नीट दगडाकडं निघाला. मीबी दोन्ही हातांनी दगड दाखवला. अप्पानं वेग वाढवला!

धडाड्! बोट आडवी, अप्पा पाण्यात, एक हात छातीवर.

काठावर आल्यावर म्हणाला, "तुम्हीच दाखवलं की तिकडं जा म्हणून!"

विद्याताईनं कपाळावर हात मारला. नदीत म्हणे नियमच आहे, जिकडं जायचं तिकडंच बोट दाखवायचं, धोक्याकडं कधीच न्हाई. आता सांगा! आमच्याकडं विहिरीत साप दिसला तर मोकळी जागा कोण दाखवतो? सापच दाखवतात की!

*

शेवटी उत्तराखंडला गेलो. नदी बघून माझी तर बोबडीच वळली. डोंगरातून जिना उतरावा तशी पायरी-पायरीनं कोसळत येते, आणि आसपास गाव न्हाई, दुकान न्हाई, फोनला रेंज न्हाई. मुसळे सर खुशीत म्हणाले, "ही नदीची युवावस्था!" अप्पा म्हणाला, "मग हिच्या बापाला बोलवा, हिला आवरायला."

आमचा वाटाड्या रावतजी, तिथलाच, कमी बोलणारा. पहिल्याच दिवशी सर उलटले, रोल चुकला, लांबवर वाहत गेले. रावतजीनं त्यांच्याकडं बघत स्वतःच्या डोक्यावर थपाथप हात मारला. आणि लांबून सरांनीबी डोक्यावर हात मारला!

मी मटकन खाली बसलो. आमच्याकडं डोक्याला हात लावला म्हणजे कारभार आटोपला. मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "अप्पा, सर गेले रे! त्यांचं त्यांनाच कळलंय!"

अप्पा "अय्योऽ शिवा!" म्हणून डोळे मिटून बसला. इतक्यात सर दात काढत चालत आले.

रावतजीनं समजावलं. पाण्याच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून डोक्यावर थाप म्हणजे 'ठीक है?' आणि उलट थाप म्हणजे 'ठीक है!' ज्यानं थाप मारली न्हाई तो संकटात आहे असं धरायचं आणि दोर फेकायचा. मी म्हणालो, हे आधी सांगायचं की राव!

*

शेवटच्या दिवशी मोठी पायरी. दोन पुरुष उंच, खाली पांढरंफेक उसळतं पाणी. रावतजीनं निक्षून सांगितलं, "जिसका रोल नहीं, वो नहीं जाएगा. पहले ऊपर शांत पानी में करके दिखाओ." सगळे अप्पाकडं बघायला लागले. अप्पा खाली बघायला लागला.

सकाळी अप्पाची पूजा तंबूत लई वेळ चालली. बाहेर आला तो डोक्यात हेल्मेट घालूनच. तसाच पोहे खायला बसला.

मी म्हणालो, "अरे हेल्मेट तरी काढ की."

"असू दे."

ताई माझ्या कानात म्हणाली, "घाबरलाय. बोलू नको."

शांत पाण्यात अप्पा उलटला. मी सवयीनं दोर हातात घेतला. आणि अप्पा वर! दोन्ही हात वल्ह्यावर! पुन्हा उलटला, पुन्हा वर! हात छातीकडं गेलाच न्हाई. मला काही कळंना, सरांना कळंना. रावतजीनं डोक्यावर थाप मारून विचारलं, "ठीक?" अप्पानं नुसती मान हलवली.

आम्ही तिघं आणि रावतजी आधी उतरलो आणि खाली काठावर उभे राहिलो. मग अप्पा पायरीच्या टोकावर दिसला, आणि दिसेनासा झाला. फेसातून नुसतं बोटीचं लाल बूड वर आलं. पाणी त्याला गरगर फिरवत होतं. ताई ओरडली, "अप्पाऽ!"

आणि एकदम वल्ह्याचं पातं चमकलं आणि अप्पा सरळ! दोन्ही हात वल्ह्यावर, तोंडातून पाण्याची पिचकारी. मी आणि सर लहान पोरांसारखे नाचलो.

रावतजीनं डोक्यावर थाप मारली. ठीक?

अप्पा बघत राहिला.

रावतजीनं जोरात मारली. मीबी मारली, सरांनी मारली, ताईनं मारली. चौघंजण काठावर आपापली डोकी बडवतोय! अप्पानं काय करावं? वल्हं मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हात जोडले.

"हाथ जोड़ रहा है! मुश्किल में है!" म्हणत रावतजीनं दोर फेकला. दोर अप्पाच्या वल्ह्यात अडकला, बोट आडवी होऊन उलटली. अप्पा दोरासकट पुन्हा रोल मारून वर आला! तोवर रावतजीनं अंगावरच्या जाकिटासकट उडी घेतली होती, आणि त्यानं अप्पाला बोटीसकट ओढत काठावर आणलं.

विद्याताईनं बैलाची बघावी तशी अप्पाच्या डोळ्यांची पापणी ओढून बघितली. "अप्पा, मी कोण?"

"ताई, मला काही झालेलं न्हाई."

रावतजी धापा टाकत होता, चिडलेला होता. "ठीक थे तो सिर पर हाथ क्यों नहीं मारा? ऐसे, ऐसे!" आणि पुन्हा स्वतःच्या डोक्यावर थाप मारून दाखवली.

अप्पानं हनुवटीखालचा पट्टा सोडला. दोन्ही हातांनी हेल्मेट सावकाश वर उचललं. टकलावर पांढऱ्या फडक्यानं घट्ट बांधलेली चांदीची डबी होती.

रावतजीचा हात अजून डोक्यावरच होता. तो त्यानं हळूहळू खाली आणला आणि दुसऱ्या हाताला जोडला.

अप्पा म्हणाला, "बालाजी, कोरडा टावेल दे. आधी डबी पुसायची हाय."