बांगड्याचा घास

बाहेर ऊन चढलंय तरी हेमलता पडवळच्या डोळ्याला डोळा लागत नाही. क्लबात काम करणाऱ्या बायकांची रात्र अशी भरदिवसाच व्हायची. जपानात, नागोयातल्या तिच्या खोलीत जाड पडदा आहे, पंखा आहे, अंगात मणभर थकवा आहे, झोप तेवढी नाही. संध्याकाळी टोळीतला कुसाका गाडी घेऊन येणार आणि तिला नुकत्याच वारलेल्या ओगाताच्या तसबिरीपुढे नेणार. तिथे टोळीतल्या सगळ्या माणसांसमोर जमिनीला कपाळ टेकून तिने म्हणायचंय, "ते माझ्यामुळे गेले." क्लबच्या मालकिणीने, मामा-सानने, हे वाक्य तिच्याकडून घोटून घेतलंय. "आणि त्यानंतर?" असं हेमाने विचारलं, तर मामा-सान तिच्याकडे न बघता ग्लास पुसत बसली.

हेमाला ते वाक्य खरं वाटतं, हीच तर पंचाईत.

ओगाता म्हणजे टोळीचा म्होरक्या. अख्खा रस्ता त्याला टरकून असे, पण क्लबात आला की म्हातारा बसायचा हेमाच्याच शेजारी, भाजलेला बांगडा मागवून. हेमा वेंगुर्ल्याची, माशाचे काटे काढावेत तर तिने. गेल्या आठवड्यात असाच एक घास साफ करून, जेवायच्या काड्यांत धरून, ती त्याला भरवायला गेली. त्याने तो आपल्या काड्यांनी तिच्या काड्यांतून उचलला. टेबलावरच्या सगळ्यांनी काड्या खाली ठेवल्या. त्या देशात काड्यांवरून काड्यांवर काही देतात ते एकदाच, प्रेत जाळल्यावर हाडं वेचताना. ओगाताचा उजवा हात कुसाका, तो उठला आणि त्याने सर्वांदेखत हेमाच्या थोबाडीत दिली. दोन-तीन दिवसांत ओगाता घरच्या न्हाणीत मेलेला सापडला. हृदय बंद पडलं, असं कुसाकाने सांगितलं, आणि टोळीच्याच डॉक्टरने मान डोलावली. प्रेत घाईघाईने जाळलं. अपशकुन कोणी केला ते कुणाला विचारावं लागलं नाही.

हेमा कूस बदलते. गालाला उशी थंड लागते. मग कळतं, ती उशी नाहीच, क्लबातल्या कोचाचं रेक्झिन आहे.

"झोपलंस काय गो?"

ओगाता शेजारी बसलाय. केस ओले, कमरेला नुसता पंचा. तो चक्क मालवणी बोलतोय, तेही हेल काढून, आणि हेमाला त्यात काही वावगं वाटत नाही. सवयीने ती त्याच्यापुढे गरम टॉवेल धरते.

"तुमी गेलास मा?" ती हळूच विचारते.

"गेलंय तर. पण माझी हाडां वेचूक कोण येवंक नाय. आपलां असां कोण हा माका?" तो टॉवेलने तोंड पुसतो. "भूक लागली. चल."

क्लबचा पडदा सारला की वेंगुर्ल्याचं स्वयंपाकघर. चुलीवर तवा, तव्यावर बांगडा चरचरतोय. हेमा तो परतायला उलथनं घालते आणि तवा लांबतच जातो, माणसाच्या उंचीएवढं लोखंडी ताट होतं. त्यात राख. राखेत पांढरी हाडं. हेमा मागे सरते. तिच्याकडे बाईमाणूस मसणात जात नाही. बापाच्या अस्थीसुद्धा भावाने मडक्यात आणल्या, वर फडकं बांधून. हाड कसं दिसतं ते ती आज पहिल्यांदा बघतेय.

ओगाता काड्या पुढे करतो. "घे. तू उचल, मी धरतंय."

"माका नाय जमाचा! एकदा घास दिलंय तर तुमी मेलास!"

ओगाता हसायला लागतो. जिवंतपणी तो असा कधी हसला नव्हता.

"खुळां काय तू? माका रीत ठावक नाय? जल्म गेलो हयसर. तू घास भरवूक इलंस, आणि समोर एवडी माणसां. तोंड उघडूक लाज वाटली माका. म्हणान काड्येन घेतलंय."

हेमाला रडू फुटतं. एवढ्या दराऱ्याचा माणूस, आणि बाळासारखा आ करायला लाजला. ती डोळे पुसते, काड्या घेते. पायाची हाडं आधी, मग मांड्या, मग बरगड्या. ती उचलते, तो धरतो. ताट अजून धगधगतंय.

"बांगड्याचे काटे काढतंस, तशीच काढ," तो समजावतो.

बरगड्यांत काड्यांना काहीतरी जड लागतं. ती ते वर उचलते. काळं, चेपलेलं, बोराच्या बीएवढं.

"ह्यां काय?"

"ह्यां माझां न्हय," ओगाता म्हणतो आणि तिच्याकडे पाठ करतो. पाठभर मासा गोंदलाय. माशाच्या डोळ्याखाली एक भोक आहे, त्यातून न्हाणीचं पाणी ठिबकतंय. "आंगोळ करी होतंय. कुसाका पाठ चोळूक इलो."

ज्याने हेमाला अपशकुनी ठरवलं, ओगातासाठी रडून रडून स्वतःचे डोळे सुजवले, तो?

"कुसाका?"

"जेचां हा, तेका परत दी," ओगाता म्हणतो आणि ते तिच्या तळहातावर ठेवतो. चटका बसतो.

हेमा अंथरुणात उठून बसते. पडद्याच्या फटीतून संध्याकाळचं ऊन आलंय. उजवी मूठ मिटलेली आहे, उघडता उघडत नाही. डाव्या हाताने तिला एकेक बोट सोडवावं लागतं. आत पिस्तुलाची चेपलेली गोळी आहे, राखेने माखलेली, हात भाजेल इतकी गरम. पण हेमा ती टाकत नाही.

"मी नाय मारलंय," ती मोठ्याने म्हणते.

दाराची घंटा वाजते.

"हेमा-चान," बाहेरून कुसाकाचा आवाज येतो, अगदी मायेचा. "भिऊ नकोस हं. सगळे जमलेत. एकच वाक्य तर म्हणायचंय."

"म्हणते," हेमा सांगते, आणि उजवी मूठ न सोडता डाव्या हाताने कडी काढते.