मागे कोण उभं असतं?

गाडीच्या कंपनीचे तीन मेसेज मी न वाचताच पुसून टाकले. कसली तरी ऑफर असेल, असं वाटलं. चौथ्या वेळी फोनच आला: ऑटोमॅटिक गिअरमधला एक भाग सदोष निघालाय, फुकट बदलून देतो, गाडी आणा.

साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये पन्नाशीचा एक मेकॅनिक होता. जमीन सपाट होती, तरी त्याने आधी मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लावला, पायाने दाबून पाहिला आणि मगच कामाला हात घातला.

"पार्किंगमध्येच आहे हो गाडी," मी शहाणपणा केला. "समोर 'पी' दिसतोय ना."

"दिसतो. आतली खीळ बसलीच असेल असं नाही. घरी कुठे लावता?"

"नाहूरला. सोसायटीच्या चढावर."

"मागे कोण उभं असतं?"

रोज मी 'पी' लावतो, हँडब्रेकला हातही लावत नाही, आणि बायको मागे जाऊन डिकीतल्या पिशव्या काढते.

भाग बदलून झाल्यावर हात पुसत, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "कंपनीने गाड्या परत बोलवायच्या आधी एक बाई आल्या होत्या. गाडी आपोआप घरंगळते म्हणाल्या. मला काही सापडलं नाही. हँडब्रेक विसरला असाल म्हटलं आणि परत पाठवलं. तेव्हापासून प्रत्येकाला विचारतो."

पुढे काय झालं, हे विचारायचा धीर झाला नाही. त्याचं नाव विचारायचंही राहिलं.

घरी सगळं सांगितलं, पुसलेल्या मेसेजसकट. बायको म्हणाली, "कंपनीला माझा नंबर दे. डिकी मी उघडते."