फोटोतला अकरावा

फोटोतून माणूस काढायचा असेल तर सुरुवात पायापासून करायची. नवशिके आधी चेहरा पुसतात आणि जमिनीवरची सावली विसरतात, मग ती बिनमाणसाची सावली चुगली करत बसते. हे मी विसाव्या वर्षी, आमच्या तालुक्याच्या गावी, एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत शिकलो आणि त्याच विद्येवर आजवर जगलो. आता पन्नाशी उलटली. दोह्याबाहेर एका प्रिंटिंगच्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटरवर बसतो, बिरकत अल अवामेरच्या कामगार कॅम्पात चौघांच्या खोलीत राहतो. ब्रश गेला, माउस आला, बाकी धंदा तोच. माझ्याइतकं सफाईनं काम करणारा इथे दुसरा नाही, हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगायला येत नाही.

आमचे मुदीर, म्हणजे मॅनेजर, अल्बानियाचे. साठीला टेकलेले, उंच, तिरसट, अल थुमामात एकटे राहणारे. आम्ही दोघं मोडक्या इंग्रजी-हिंदीत बोलतो आणि अडलं की अरबी शब्द घालतो. त्यांच्या गावचा एक फुटबॉल क्लब आहे. लुसैलला होर्डिंगची मापं घ्यायला जाता-येता त्या क्लबचा इतिहास मी इतक्या वेळा ऐकला की तो मला आमच्या घराण्यापेक्षा जास्त पाठ झाला. पहिला चेंडू इटलीहून बोटीनं कसा आला. महायुद्धानंतर कम्युनिस्टांचं राज्य आलं तेव्हा क्लबचं जुनं नाव पुसून सरकारी नाव कसं दिलं, आणि प्रेक्षक पाटीवर नवं नाव वाचत पण ओरडताना जुनंच कसं ओरडत. अख्खं मैदान ओरडत असलं की अटक कुणाकुणाला करणार? पुढे राज्य बदललं, निम्मे खेळाडू बोटीत बसून देश सोडून गेले, मैदानावर गाई चरल्या, तरी अकरा जण गोळा करून क्लब पुन्हा उभा राहिलाच. वरच्या डिव्हिजनमधून खाली, खालून परत वर, आता पुन्हा खाली. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण मार खाऊनही न मरणाऱ्या गोष्टी मला आवडतात, म्हणून मी ऐकायचो. आपले वडील त्या क्लबकडून खेळायचे, एवढंच ते एकदा बोलले होते आणि लगेच विषय बदलला होता.

मागच्या वर्षी क्लबचा मोठा वर्धापनदिन आला. क्लब पहिल्यांदा वरच्या डिव्हिजनमध्ये गेला त्या संघाचा जुना फोटो मोठा करून मैदानावर लावायचं ठरलं, आणि बॅनर मी दोह्याहून छापून आणतो असा शब्द मुदीरांनी दिला. तिकडच्या सेक्रेटरीनं फोटो सरळ वर्कशॉपच्या मेलवर पाठवला. मुदीर त्या दिवशी सकाळपासून लुसैलच्या साइटवर होते. मेलमध्ये दोनच ओळी होत्या: फोटोला डॅमेज आहे, साफ करून मोठा करावा.

मी फोटो उघडला. मागे एक रांग उभी, पुढे एक रांग गुडघ्यावर बसलेली, तेल लावून चापून बसवलेले केस. मागच्या रांगेत एका ठिकाणी माणसाच्या उंचीएवढा भाग ब्लेडनं खरवडलेला होता, खालचा पांढरा कागद दिसत होता. त्या पांढऱ्यातून एक हात बाहेर आलेला आणि शेजारच्या खेळाडूच्या खांद्यावर ठेवलेला. नुसता हात, मागे माणूस नाही. असं काही दिसलं की आमच्या धंद्यातल्या माणसाची बोटं शिवशिवतात. खरवडलेलं भरत बसण्यापेक्षा मी दोन्हीकडचे खेळाडू एकमेकांजवळ सरकवले, मागची भिंत जोडली, पायाखालचं गवत जुळवलं. हात उरला होता, तो पुसला आणि खांद्यावर जर्सीचं कापड ओढलं, शिवणीसकट. जेवणाच्या सुटीआधी काम खलास. फुटबॉलमध्ये अकरा जण असतात, अहो क्रिकेटमध्येही अकराच असतात, पण मी मोजले नाहीत.

दुपारी मुदीर आले. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो. त्यांनी वाकून मागच्या रांगेवरून बोट फिरवलं. मग अगदी हळू म्हणाले, “हात कुठे गेला?”

मी म्हणालो, एक जादाचा हात राहून गेला होता सर, तो काढला.

“तो माझा बाप होता.”

मूळ फोटो माझ्याकडे होताच. मी तो परत उघडला. मुदीर तिथेच कापडाच्या गठ्ठ्यावर बसले आणि त्यांनी इतक्या वर्षांत गाडीत न सांगितलेला इतिहास सांगितला. त्यांचा काका समुद्रातून पोहत देशाबाहेर पळाला. त्याची शिक्षा म्हणून त्याच आठवड्यात वडिलांना संघातून काढलं आणि सगळ्या कुटुंबाला दूरच्या सरकारी शेतावर चर खणायला पाठवलं. क्लबच्या ऑफिसात लावलेल्या फोटोतून वडील खरवडले गेले. घरातले फोटो आईनं भीतीनं स्वतःच चुलीत घातले. मुदीरांचा जन्म त्या शेतावरचा. राज्य बदलल्यावर ते क्लबच्या ऑफिसात गेले, भिंतीवर हा फोटो पाहिला आणि हात ओळखला, कारण त्याची करंगळी वाकडी होती. एका सामन्यात मोडली आणि वाकडीच जुळली, तीच करंगळी धरून ते लहानपणी चालले होते. “फोटोत तरुणपणचा बाप मी पाहिलाय तो एवढाच,” ते म्हणाले, “मनगटापासून बोटांपर्यंत.”

मला लाज वाटली. अगदी सांगून टाकतो, धरणी पोटात घेईल तर बरं अशी लाज. आणि तिच्याबरोबर एक जुनी गोष्ट वर आली, जी मी कुणाला सांगितली नव्हती. गावी असताना एका घरातला लग्नाचा फोटो आला होता, सगळे पाहुणे मांडवात उभे असलेला. त्या घरच्या धाकट्या मुलीनं पुढे परजातीत लग्न केलं होतं, तर तिला फोटोतून काढून दे म्हणाले. मी काढली. पायापासून सुरुवात केली, सावली पुसली, तिच्या जागी एक फुलझाडाची कुंडी ठेवली आणि कुंडीची सावली बरोबर पाडली. स्टुडिओच्या मालकानं पाठ थोपटली, आणि मीही फुशारलो. त्या मुलीला काय वाटेल असा विचार माझ्या मनाला शिवला नाही. कुणीतरी साफ कर म्हटलं की साफ करायचं, एवढंच मला ठाऊक होतं.

पापाचं प्रायश्चित्त म्हणून म्हणा, मी मुदीरांना म्हणालो, तुमच्या वडिलांना मी परत उभं करतो. आमच्याकडे गेलेल्या माणसाला जित्याशेजारी बसवून देणं हे स्टुडिओचं रोजचंच काम असतं. नवरा जाऊन वीस वर्षं झाली तरी बायकोशेजारी खुर्चीवर बसवून दिलेत मी. मुदीरांनी वडिलांचा म्हातारपणचा ओळखपत्राचा फोटो आणून दिला. दोन दिवस खपून मी सुरकुत्या काढल्या, केस काळे केले, शरीर जुळवलं आणि वडिलांना त्यांच्या जागी उभं केलं, हात त्यांच्याच खांद्यातून निघालेला. आयुष्यातलं माझं सर्वांत चांगलं काम होतं ते.

मुदीरांनी ते बघितलं, डोळे पुसले आणि म्हणाले, “नको. असा लावला तर त्यांना कुणी खरवडलंच नाही, असं होईल. ब्लेडच्या खुणा राहू देत. जसा आहे तसा छाप.”

माझ्या कामाला नको म्हटलेलं मी सहन करत नाही. पण त्या दिवशी मला राग आला तो स्वतःच्या सफाईचाच. जन्मभर मी लपवण्यात हुशार ठरलो आणि त्यालाच कला म्हणत आलो. म्हटलं, यल्ला, छापू या.

नमुना तिकडे पाठवला तसा सेक्रेटरीचा फोन आला. ते त्यांच्या भाषेत अर्धा तास भांडले, मग मुदीरांनी मला थोडक्यात सांगितलं. सेक्रेटरीचं म्हणणं, हा आनंदाचा दिवस आहे. गावात खरवडले गेलेल्यांची घरं आहेत तशी खरवडणाऱ्यांचीही आहेत, सगळे एकाच स्टँडमध्ये बसणार. जुनी खपली कशाला काढायची? साफ केलेला फोटो द्या, नाहीतर आम्ही तुमचा बॅनर लावणार नाही. मी विचारलं, मग? मुदीर म्हणाले, लावू नका म्हणावं, मी हातात धरून उभा राहीन.

आम्ही तो वीस फूट लांब छापला, कापडावर, म्हणजे घडी करून बॅगेत नेता येईल. मशिनमधून कापड सरकत बाहेर येत होतं आणि आधी गवत, मग बूट, मग तो पांढरा ओरखडलेला पट्टा दिसायला लागला. हात बाहेर आला तो सुपाएवढा. वाकडी करंगळी लांबूनही दिसत होती. मुदीर सुटीवर गेले ते बॅनर घेऊनच.

ते गेल्यावर चौथ्या दिवशी सेक्रेटरीची मेल थेट मला आली, आमच्या ऑफिसला कॉपी ठेवून. साफ केलेली फाइल तुमच्याकडे आहे असं कळतं, ती पाठवा, आम्ही इथेच छापून घेऊ. मुदीर इथे नव्हते. ऑफिसातल्या माणसानंही फोन करून सांगितलं, पाठवून दे बाबा, कशाला लफडं. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. परक्या मुलखात नोकरी ऑफिसच्या हातात असते आणि मी काही कुणाचा लाडका नाही. पहिल्या दिवशीची, हात पुसलेली फाइल स्क्रीनवर उघडली. काम खरंच सुरेख होतं, जोड शोधून सापडला नसता. मी ती डिलीट केली, मग कचऱ्याच्या पेटीतूनही काढली, आणि उत्तर लिहिलं की अशी फाइल नाही आणि मी ती पुन्हा करणार नाही. ऑफिसच्या माणसाला म्हटलं, विचार कोणाला काय विचारायचं ते. त्यानं फोन ठेवला आणि पुढे काही झालं नाही.

वर्धापनदिन शुक्रवारी, आमच्या सुटीच्या दिवशी होता. दुपारी मुदीरांनी व्हिडिओ कॉल लावून फोन कुठेतरी कठड्याला टेकवला. माझ्याबरोबर माझा खोलीतला जोडीदार, आष्टीकडचा ड्रायव्हर, बघायला बसला. समोरच्या भिंतीवर क्लबनं तिथल्या तिथे साफ करून घेतलेला बॅनर होता. मी डोक्यावर हात मारला, इतकी ढोबळ जोडाजोडी कुणी गावच्या जत्रेतही घेणार नाही. ड्रायव्हरनं क्रिकेटखेरीज काही पाहिलेलं नाही, पण तो बोट दाखवून मोजायला लागला आणि म्हणाला, “आरं, हे तर धाच हायेत. येक कुठं गेला?”

मी त्याला अलीकडे बघ म्हटलं. अलीकडच्या स्टँडमध्ये मुदीर एक टोक धरून उभे होते आणि दुसरी टोकं गावातल्या पाच-सहा म्हाताऱ्यांच्या हातात होती. वाऱ्यानं कापड फुगत होतं, सगळे मागे रेलून ओढून धरत होते. क्लबचे दोघे येऊन खाली घ्या म्हणून हातवारे करत होते. मुदीर त्यांच्याकडे बघतही नव्हते.

मैदानापलीकडे मानाच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. तिथून काठी टेकत एक खूप म्हातारा माणूस उठला. त्या संघातला तो एकटाच हयात होता, त्याचा त्या दिवशी सत्कार होता. मैदानाच्या कडेकडेनं तो इकडे यायला लागला. माइकवरून त्याला दोनदा परत बोलावलं, आवाज आम्हालाही ऐकू आला. तो वळला नाही. बॅनरपाशी येऊन तो मुदीरांच्या कानाशी काहीतरी बोलत राहिला आणि मुदीरांच्या हातातलं टोक सुटलं. मग कॉल बंद झाला.

तासाभरानं मुदीरांचा फोन आला. त्यांचा आवाज बसला होता. फोटोत ज्याच्या खांद्यावर तो हात आहे, तो हाच माणूस.

“खरवडायचं काम त्यालाच दिलं होतं,” मुदीर म्हणाले. “हातात ब्लेड दिलं आणि दोन माणसं पाठीशी उभी राहिली. तो फोटोतल्या स्वतःच्या खांद्यापर्यंत आला आणि थांबला. म्हणाला, इथून पुढे माझं अंग सुरू होतं, हात काढायचा असेल तर मलाही काढा.”

संघाला त्या आठवड्यात त्याची गरज होती, म्हणून त्यांनी शिव्या घालून तेवढा हात सोडून दिला. ही गोष्ट त्यानं आजवर घरातही सांगितली नव्हती, कारण बाकीचा माणूस त्यानंच खरवडला होता.

मी फोन कानाला लावून खोलीच्या दारात उभा होतो. मला रडू येत होतं आणि स्वतःचा संतापही येत होता. त्याच्या पाठीशी दोघं उभे होते तरी तो थांबला. माझ्या पाठीशी कुणी नव्हतं, मला नुसत्या दोन ओळींची मेल आली होती, आणि मी त्यानं राखलेला हात जेवणाच्या आधी पुसून मोकळा झालो होतो.

बॅनर आता कुठे आहे, मी विचारलं. मुदीर म्हणाले, इथेच आहे, स्टँडच्या कठड्याला. म्हातारा स्वतः गाठी मारतोय. सेक्रेटरी त्याला सोडायला सांगतोय आणि तो आणखी आवळतोय.