शेवग्याचा खुंट

आपल्यासारख्यांनी झाडं लावून काही होतं का, असं कुणी विचारलं की मी विषय बदलत आलो. होतं. आमच्या मुलुंडच्या वसाहतीमागच्या मोकळ्या प्लॉटवर काय झालं, ते आज सांगून टाकतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी विशीतला. प्लॉटवर पाच-सहा झोपड्या उभ्या राहिल्या आणि सोसायटीच्या चेअरमनना एकाएकी पर्यावरणाची काळजी लागली. "झोपडी कुणीही पाडेल रे, झाड कोण पाडणार? रोपं लावा, पिंजरे ठोका. जागा आपली."

"झकास! वृक्षारोपण आणि सफाई, एकाच खर्चात," आमच्यातला एक म्हणाला. आम्ही पोरं हसलो.

पावसाळ्यातला रविवार. सुबाभळीची रोपं आली. तेव्हा जिथेतिथे सुबाभूळच लावत. पहारी, कुदळी घेऊन आम्ही आधी पत्रे ओढले. चुलीवरचं भाताचं टोप लाथेने चिखलात गेलं. बायका पोरं उचलून पळाल्या. शेवटच्या झोपडीपुढे एक शेवगा होता, दोन पुरुष उंच. तो आमच्या खड्ड्यांच्या ओळीत येत होता. झाडं लावायला आलेल्या आम्ही कुऱ्हाड मागवली.

झोपडीतल्या माणसाने खोडाला मिठी मारली. गिरणी सुटलेला, माझ्या वडिलांसारखाच मालवणी. "माका मार रे," तो म्हणाला, "झाडाक हात लावू नको. हेच्या शेंगांर माजा घर चलता."

"ए, तुझा गाववाला निघाला ना! तूच समजाव," कुणीतरी मला म्हणालं. सगळे माझ्याकडे बघून खिदळले. घरात मी हीच भाषा बोलायचो, आणि त्या क्षणी मला तिची लाज वाटली.

मी पहार उचलली आणि खोडाभोवती गुंफलेल्या त्याच्या बोटांवर मारली. दुसऱ्या घावाला हाड मोडलेलं ऐकू आलं. तरी तिसरा मारला. तो हात पोटाशी धरून खाली बसला. त्याची बायको किंचाळली, "मेल्यांनो, माणसां मारून झाडां लावतास?"

शेवगा पडला. फांद्या तोडून आम्ही रोपांना आधाराचे खुंट केले. माझ्या खुंटाला रक्त लागलं होतं. तसाच ठोकला. मग पेढे वाटले.

सुबाभळी काही शेळ्यांनी खाल्ल्या, उरलेल्या उन्हाळ्यात वाळल्या. पाणी घालायला कुणी फिरकलंच नाही. माझा खुंट मात्र त्याच पावसात फुटला होता. शेवगा फांदीनेच लागतो, हे आमच्या आईनेही सांगितलं असतं. "तुझं एकट्याचं झाड जगलं रे!" लोक म्हणायचे. मी मान हलवायचो.

त्याला शेंगा धरल्या, त्या वर्षी पोरांनी एका चोराला पकडलं. मी पोचलो तेव्हा त्याचं तोंड फुटलं होतं, शेंगा पायाखाली चिरडल्या होत्या. उजव्या हाताची बोटं आकसलेली. त्यावरूनच ओळखलं.

"तुझ्या झाडाच्या शेंगा चोरतो साला. बोल, काय करू याचं?"

तो माझ्याकडे बघत राहिला.

"माझं झाड नाही ते," मी म्हणालो. कुणाचं, ते सांगायला तोंड उघडलं नाही.

"मग सोसायटीचं," पोरं म्हणाली, आणि पुन्हा सुरू झाली.