पोपटाची उष्टी मिरची

शुद्धलेखन चुकलं असेल, आणि अक्षर तर कोंबडीने उकरल्यासारखं आहे. माझी शाळा चौथीतच सुटली. हे कोणाला दाखवायचं नाही, तरी कोणाच्या हाती लागलंच तर रागावू नये. चारचौघांत माझा आवाज निघत नाही, म्हणून कागदावर लिहिते. अजूनही ताटात हिरवी मिरची दिसली की मला मळमळतं, ते कुठेतरी काढून टाकायचं आहे.

आमचं गाव धरणात गेलं, तेव्हापासून आम्ही पुनर्वसनाच्या वस्तीत राहतो. नवरा धरणाच्या पाण्यात मासे धरतो, फाटलेली जाळी मी सांधते. पोरगी शाळेत जायच्या वयाची झाली तरी बोलत नव्हती. हाक मारली तर वळायची नाही. पाणी हवं असलं की माझं मनगट धरून माठाकडे न्यायची. चेहऱ्याकडे बघायची नाही, जशी काही मी पळी आहे. भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला ऑटिझम म्हणतात. पोरगी वेडी नाही, हट्टीही नाही. तिच्या खेळात तुम्ही जा, घाई करू नका.

घाई करू नका, हे घरात कोणाला पटलं नाही. तालुक्याला एका सरांनी वर्ग काढला होता. मूल बोलणार म्हणजे बोलणारच, असं बाहेर पाटीवर लिहिलेलं. फी सगळी आधी. मी बचत गटातून कर्ज काढून भरली.

आईबापांनी बाहेर बसायचं होतं. एक दिवस दार नीट लागलं नव्हतं, त्या फटीतून मी बघितलं. सरांनी एका हाताने पोरीची हनुवटी दाबून धरली होती, दुसऱ्या हातात बिस्कीट. "माझ्या डोळ्यांत बघ. बघ म्हणतो ना!" तिने डोळे घट्ट मिटले, तशी त्यांनी बोटं अजून रुतवली. तिची लाळ त्यांच्या बोटांवर गळली. ती त्यांनी तिच्याच केसांना पुसली आणि ते ओलं बिस्कीट पुन्हा तिच्या ओठांवर घासलं. आत जाऊन मी पोरीला उचललं. सर म्हणाले, "रडल्याशिवाय मूल शिकत नाही, बाई. आणि फी परत मिळत नाही."

घरी सासूने सुरू केलं. "गेले नं पैसे पान्यात! म्या पयलेच सांगतलं होतं, पोपटाचं उष्टं चारा. फुकटचा इलाज सोडून शहानी झाली."

आमच्याकडे समजूत आहे की बोलत्या पोपटाचं उष्टं खाल्लं की अडलेली जीभ सुटते. कोंढ्याला सासूच्या भावाकडे असा पोपट होता. ती तिथून त्याने कुरतडलेली मिरची पळसाच्या पानात बांधून घेऊन आली. पान उघडलं तर पिंजऱ्याचा वास. मिरचीला विष्ठा चिकटली होती, वाळलेली, पांढरी.

"माय, नोका," मी म्हटलं, पण ते कोणाला ऐकू गेलं नाही.

"मिठू राम राम म्हनते, मंग हे काहून नाही म्हननार?" सासू म्हणाली. नवऱ्याने पोरीचे हात धरले. "होऊ दे नं. आपलं काय जाते?"

मिरची जिभेवर घासली तशी पोरगी किंचाळली. दारात जमलेल्या बाया हसल्या. "बोलली वं बोलली! आता माय म्हन!"

त्यांचे ते हसरे दात मला अजून दिसतात.

त्यानंतर पोरीने कोणाच्या हातचं खाणं सोडलं. घास नेला की दात आवळायची. आधी निदान मनगट धरायची, आता तेही बंद. तिची हाडं वर आली. ही आता माझ्याकडे कधीच येणार नाही, या भीतीने मला काही सुचत नव्हतं.

सांधायचं जाळं मी पडवीत खांबापासून खांबापर्यंत टांगते. एका दुपारी ती जाळ्याच्या पलीकडे येऊन बसली. मी गाठ मारत होते, तेवढ्यात जाळं हललं आणि गाठ सुटली. तिने सूत ओढलं होतं. मी माझ्याकडून हळूच ओढलं. ती थबकली. मग तिने पुन्हा ओढलं आणि थांबली, माझ्या ओढण्याची वाट बघत. मी वर बघितलं तर जाळ्याच्या एका घरातून तिचा डोळा माझ्याकडे लागला होता. ते डोळे बघायला वर्गातल्या त्या माणसाने हनुवटी चेचली होती. मी पुन्हा हळूच सूत ओढलं.

मग रोज तोच खेळ. वाटी जाळ्याखालून सरकवली की ती आपल्या हाताने खायची. एकदा तिने जाळं जोरात हलवलं आणि मी बघेपर्यंत थांबली. बघितलं, तसं तिने तोंडाला हात लावला. मनगट धरून ओढलं नाही; मला माणूस समजून मागितलं. मी भात वाढला.

सासूने टोमणा मारला, "पोरीले जाळ्यात ठेवून राहिली. मासोळी हाय काय थे?" नंतर कोणी नाही असं बघून तिने स्वतःच जाळं हलवून पाहिलं. पोरगी उठून पळाली. "माह्याकडं काहून नाही येत वं?"

"तुमच्या हाताले मिरचीचा वास येत असंन," मी म्हटलं. लग्न झाल्यापासून तिला दिलेलं ते माझं पहिलं उत्तर.

कर्ज मात्र माझ्याच गळ्यात होतं. वस्तीतल्या लोकांची जाळी सांधून मी हप्ते भरले. प्रत्येक हप्त्याला ते ओलं बिस्कीट आठवायचं, घाण वाटायची, की पोरीची हनुवटी दाबायचे पैसे मी अजून भरतेच आहे.

शेवटचा हप्ता भरायला गटाच्या बैठकीला गेले, तेव्हा पोरगी सोबत आली, माझ्या पदराचं टोक धरून.

"बोलली काय वं तुही पोरगी?" गटाच्या अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नाही."

"मंग पैसे फुकटच गेले म्हन."

सतरंजीवर बसलेल्या बाया हसल्या, त्या दिवशी दारात हसल्या होत्या तशाच. पोरीने पदर ओढला आणि थांबली. मीही हळूच ओढला. मग अध्यक्षबाईंपुढे नोटा ठेवल्या. त्यांनी दोनदा मोजल्या. बरोबर होत्या. कर्ज पूर्ण फिटलं.