सुरतला न गेलेला काका

वाचनालयाच्या बाई स्वतःच्या थायरॉइडचा रिपोर्ट घ्यायला आल्या होत्या. मी केबिन रोडवरच्या एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते. पाकीट हातात दिलं तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

"तुमचे वडील रेतीच्या होडीवर डुबी मारायचे म्हणे. खरंय का?"

"खरंय. पण त्यांना ऐकू येत नाही. अजिबातच."

"बोलतात ना?"

बोलतात, म्हटलं. विषय तिथेच संपेल असं मला वाटलं होतं.

डुबी मारणं म्हणजे काय, ते आता सांगावं लागतं. घोडबंदरच्या खाडीत होडी उभी करायची, तळापर्यंत लांब बांबू रोवायचा. तो धरून, श्वास कोंडून, खाली उतरायचं. तळाला काही दिसत नाही. हातांनी चाचपून लोखंडी बादलीत रेती भरायची आणि दोराला हिसका द्यायचा. वरचे लोक बादली ओढून घेतात, मग आपण वर. असं दिवसभर. या भागातल्या कितीतरी बिल्डिंगा त्या रेतीवर उभ्या आहेत. पाण्याच्या दाबाने माणसांचे कान जायचे. बाबांचे दोन्ही गेले.

वाचनालयाच्या बाईंबरोबर एका कामात सात-आठ जणी होत्या. कुणाचा बाप मिठागरात राबलेला, कुणी स्वतः मासळी विकणारी, एक निवृत्त शिक्षिका. खाडीवर हातांनी कामं केलेल्या माणसांचं कुणीच काही लिहून ठेवलेलं नाही, ते आपणच लिहू, असं त्यांनी ठरवलं होतं. माणसांना बोलतं करायचं, ते मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवायचं, होडीची मॉडेलं करायची आणि शाळेच्या हॉलमध्ये दोन दिवस मांडायचं. मला त्यात फारसा रस नव्हता. आई जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. चौदाव्या दिवशी मी कामावर हजर झाले होते. लोक म्हणायचे, धीराची आहे पोरगी. धीर वगैरे काही नव्हता. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसं सगळं चाललं होतं. नाही म्हणायचाही कंटाळा आला, म्हणून मी हो म्हटलं.

एका रविवारी दुपारी दोघी घरी आल्या. वाचनालयाच्या बाई, आणि मोबाइलवर रेकॉर्ड करायला तारोडी गावची एक मासळीवाली. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, मोठं अक्षर सावकाश वाचतात. मी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मार्करने प्रश्न लिहायचा, त्यांनी मोठ्याने उत्तर द्यायचं, असं ठरलं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते खाडीच्या पलीकडच्या माणसाशी बोलल्यासारखे बोलतात.

"खाली किती खोल जायचात?"

"बांबू सरंपर्यंत."

"भीती वाटायची?"

"थंडी वाजायची."

हातातला मार्कर तसाच धरून मी बसले होते. एवढ्या वर्षांत मी बाबांना एकही प्रश्न लिहून विचारला नव्हता. जेवलात का, गोळी घेतली का, एवढं हातवाऱ्यांनी भागत होतं. हे मनात आलं, आणि त्याचं काहीच वाटलं नाही. फक्त आलं.

मग बाईंनी सांगितलं, तसं मी लिहिलं: "होडीवर बरोबर कोण असायचं?"

"तिघं भैये. आनी माझा भाव."

माझ्या काकाबद्दल आम्हाला एवढंच ठाऊक होतं की माझ्या जन्माआधी तो कामाला सुरतला गेला आणि तिकडचाच झाला. आत्या दर भाऊबीजेला बाबांना ओवाळायची, मग दारात जाऊन काकासाठी चंद्राला ओवाळायची. काका होडीवर होता हेच मला नवीन होतं. मी बाईंना न विचारता लिहिलं, "काका सुरतला कधी गेला?"

बाबांनी कागद वाचला. पुन्हा वाचला.

"सुरतला न्हाय गेला," ते म्हणाले. "खाली गेला. बादली वर आली, आर्धी. तो न्हाय आला."

मासळीवालीच्या हातातला मोबाइल हलला नाही.

"मी उतरलो. चार वेळा उतरलो. खाली कायच दिसत न्हाय, हाताला फकस्त रेती. पानी ओसरतीचं होतं, ओढून नेलं आसंल. आयेला सांगितलं, सुरतला काम लागलं त्याला. म्हटलं मिळंल तवा खरं सांगू. मिळालाच न्हाय."

इतकं बोलून त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला. मी पुढचा प्रश्न लिहिला. तो आठवडी सुट्टी असायची का, असा होता. बाईंनी आधीच सांगून ठेवलेल्या यादीत तो होता म्हणून मी लिहिला.

निघताना मासळीवाली जिन्यात थांबली. "तुझ्या आत्याला ठाव हाय काय हे?"

"नसेल."

"मी तिच्याच आळीत राहते. रोज तोंड दिसतं तिचं. माझ्या तोंडून नको जायला. तू जा."

म्हणून पुढच्या रविवारी मी तारोडीला गेले. आत्या अंगणात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत गुंतवायची आणि काठीवर टाकायचे. मी बाजूला बसून तिला मदत करत सगळं सांगितलं. कसं सांगायचं याची काही तयारी केली नव्हती. बाबा जसं बोलले, त्याच शब्दांत सांगितलं.

आत्याचे हात थांबले नाहीत. एक काठी भरली, दुसरी भरली. मग तिने विचारलं, "त्या दिवशी जेवून गेला होता काय तो?"

"मला माहीत नाही."

"इचार त्याला."

घरी येऊन मी ते लिहून बाबांना विचारलं. त्यांना प्रश्न विचित्र वाटला असावा. "जेवून कोन उतरतो? पोट भरलं का श्वास पुरत न्हाय. उपाशीच जायचो."

मी आत्याला फोन केला. "जेवून गेला नव्हता."

पलीकडे कुणाचा तरी टीव्ही चालू होता.

"मी त्याच्या वाटची भाकर झाकून ठेवली होती," आत्या म्हणाली. "दुसऱ्या दिशी सकाळला कोंबड्यांना घातली. आये मला वरडली, भाकर वाया घालवलीस म्हनून."

मी म्हटलं, "आत्या, हे सगळं लोकांसमोर लागणार आहे. तुला नको असेल तर मी काढायला सांगते."

"लावा. पन त्याचं नाव लिहा. निसतं भाव म्हनून नको."

नाव मीच लिहिलं. लॅबमध्ये दिवसभर नावं टाइप करून माझी बोटं त्याला सरावलेली आहेत. तरी काकाचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, मी त्याआधी कधी कुठे लिहिलेलं नव्हतं. कुठल्या पत्रिकेवर नव्हतं, कुठल्या रेशनकार्डावर नव्हतं.

प्रदर्शनाच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये बाकं भिंतीला लावून ठेवली होती. मधोमध होडीचं मॉडेल. बाबा त्याच्याभोवती एक चक्कर मारून आले आणि ओरडलेच, "बादली ल्हान हाय!" सगळे वळून बघायला लागले. निवृत्त शिक्षिका हसून पुढे आल्या, त्यांना समजावू लागल्या की मॉडेल आहे, लहानच असणार. बाबांना ऐकू येत नव्हतं. मी लिहून दाखवलं. ते म्हणाले, "ठाव हाय मना. होडीच्या मानानं ल्हान हाय. येवढ्या बादलीनं कान जात न्हाय." शेवटी पुठ्ठा आणून मोठी बादली केली, तेव्हा ते खुर्चीवर बसले.

आत्या सकाळचा बाजार उरकून आली. पदराला मासळीचा वास होता. तिला वाचता येत नाही. काकाचा कागद कुठला ते मी दाखवलं. ती त्याच्यासमोर उभी राहिली, मग बाबांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. थोड्या वेळाने तिने पिशवीतून डबा काढला आणि बाबांच्या मांडीवर ठेवला. बाबांनी तो उघडला आणि जेवायला सुरुवात केली. मला वाटलं होतं, आता तरी मला रडू येईल. आलं नाही. मी जाऊन पाण्याचे ग्लास भरून आणले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आवरायला घेतलं, तेव्हा एक म्हातारी बाई आत आली. बंदराजवळच्या वस्तीत राहणारी, उत्तरेकडून कधीच्या काळी नवऱ्याबरोबर आलेली. तिने काकाच्या कागदाबद्दल कुणाकडून तरी ऐकलं होतं.

"हमारा भी लिख लो," ती मला म्हणाली.

"किसका?"

"आदमी का. वो भी बालू निकालता था. वो भी नहीं आया."

मी टेबलावरचा कोरा कागद ओढला. तिने नवऱ्याचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं, जिल्ह्याचं सांगितलं. मी देवनागरीत लिहून तिच्यापुढे धरलं. तिने अक्षरांवरून बोट फिरवलं, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत.

"इतना छोटा?" ती म्हणाली.

मी नवा कागद घेतला, जाड मार्कर शोधला, आणि तेच नाव पुन्हा, कागदभर लिहिलं.